सुरुंगाचे हादरे आणि हवेचा झटका नीट मोजायचा कसा

दगडखाणीत ब्लास्ट झाला की शेजारची माणसं म्हणतात घर हाललं, आणि खाणवाले मशीनमधून कागद काढून दाखवतात की रीडिंग दीड मिलिमीटर आहे, लिमिटच्या कितीतरी आत. मग भांडण सुरू. मी या मोजणीच्या कामात बरीच वर्षं आहे आणि माझं ठाम मत आहे की या भांडणातला अर्धा गुंता मशीन कसं लावलं इथेच तयार होतो. सेन्सर गवतावर नुसता ठेवून दिला, मायक्रोफोन भिंतीला टेकवला, घड्याळ जुळवलं नाही, आणि त्यातून जो काय आकडा आला तो शेजाऱ्यासमोर धरला, तर त्याने त्यावर विश्वास का ठेवावा? म्हणून इथे सगळं क्रमाने सांगतो, मशीन जमिनीत बसवण्यापासून आलेख वाचण्यापर्यंत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, आपण दोन वेगवेगळ्या गोष्टी मोजतोय. एक जमिनीतून येणारा हादरा आणि दुसरा हवेतून येणारा दाबाचा झटका. दोन्ही एकाच ब्लास्टमधून निघतात पण वाट वेगळी, वेग वेगळा, कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

जमिनीच्या हादऱ्यासाठी जो आकडा बघतात तो पीपीव्ही, म्हणजे पीक पार्टिकल व्हेलॉसिटी, मिलिमीटर प्रति सेकंदात. इथे नवीन माणसाचा नेहमी गोंधळ होतो. लाट खडकातून सेकंदाला हजारो मीटर वेगाने पळते, तो वेग आपण मोजत नाही. लाट पायाखालून जाताना तिथला मातीचा कण जागच्या जागी किती वेगाने हलला ते मोजतो, आणि तो वेग फक्त काही मिलिमीटर प्रति सेकंद असतो. जिओफोनमध्ये, म्हणजे जमिनीचा हादरा टिपणाऱ्या सेन्सरमध्ये, तीन चॅनेल असतात, ब्लास्टच्या दिशेने, त्याला आडवा आणि उभा. काही नियम तिन्हीपैकी सगळ्यात मोठा आकडा धरतात, काही ठिकाणी तिन्हींची व्हेक्टर बेरीज मागतात, तर तुम्हाला कुठला नियम लागू आहे ते बघून त्याच आकड्याने बोला, एकदा हा आणि एकदा तो असं करू नका.

हवेचा झटका हा दाब आहे, पास्कलमध्ये किंवा डेसिबलमध्ये. पण हे डेसिबल साध्या साउंड मीटरचे नाहीत, मोबाईल ॲपचे तर अजिबात नाहीत. साधा मीटर माणसाच्या कानासारखं ऐकतो, ए-वेटिंग म्हणतात त्याला, आणि त्यात १० हर्ट्झचा आवाज तब्बल ७० डेसिबलने कमी धरला जातो. ब्लास्टच्या झटक्याची बरीचशी ताकद २० हर्ट्झच्या खाली असते, जी कानाला ऐकूच येत नाही पण खिडकीचं तावदान हलवते. म्हणून मायक्रोफोन लिनियर पाहिजे, म्हणजे असं कमीजास्त न धरणारा, २ हर्ट्झपासून मोजणारा. ब्लास्टिंग सिस्मोग्राफ म्हणून जे मशीन मिळतं त्यात असा मायक्रोफोन आणि साधारण २ ते २५० हर्ट्झचा जिओफोन दोन्ही सोबतच येतात.

मशीन कुठे लावायचं

ज्या बांधकामाची काळजी आहे त्याच्या बाहेर, जमिनीवर, ब्लास्टकडे तोंड असलेल्या बाजूला. अंतर घरापासून ३ मीटरच्या आत किंवा ब्लास्टपासूनच्या अंतराच्या १० टक्क्यांच्या आत, दोन्हीतलं जे कमी असेल ते. साधारणपणे सगळ्यात जवळचं असं घर निवडतात जे खाणीच्या मालकीचं नाही. पण फक्त जवळचं म्हणून थांबू नका, लांबचं एखादं घर भुसभुशीत मातीवर असेल आणि तिथून तक्रारी येत असतील तर तिथेही एक मशीन लावा, कारण अंतर वाढलं की लाटेतली जास्त फ्रिक्वेन्सी गळून जाते आणि कमी फ्रिक्वेन्सी उरते, आणि कमी फ्रिक्वेन्सी घराला जास्त झोंबते.

घरमालक म्हणेल वरच्या मजल्यावर ठेवा, तिथेच जास्त हलतं. त्याचं म्हणणं खरं असतं, वरचा मजला जास्त हलतोच. पण नुकसानीच्या ज्या मर्यादा ठरल्यात त्यातल्या बहुतेक जमिनीवरच्या किंवा पायाजवळच्या मोजणीवर ठरल्यात, त्यामुळे वरचा आकडा त्या तक्त्याशी लावता येत नाही. जमलं तर दुसरं मशीन वर ठेवा आणि दोन्ही आकडे त्याला दाखवा, नाही म्हणून टाळू नका.

सेन्सर बसवणं

सगळं काम या दहा मिनिटांवर उभं आहे त्यामुळे घाई नको. आधी वरचं गवत आणि सैल माती खरवडून काढा, खाली घट्ट माती लागेपर्यंत. मग पहारीने किंवा छोट्या कुदळीने खड्डा घ्या, सेन्सरच्या उंचीच्या तिप्पट खोल मिळाला तर उत्तमच. खड्ड्याचा तळ मुठीने दाबून सपाट करा, सेन्सर ठेवा, वरचा बाण ब्लास्टच्या दिशेला करा, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत लेव्हल करा, आणि मग जी माती काढली तीच थोडी थोडी टाकत चारही बाजूंनी बोटांनी ठासत जा. एकदम ढीग ओतून वरून पाय दिला तर खाली पोकळी राहते आणि सेन्सर तिरका होतो तो वेगळाच. शेवटी केबल हळूच ओढून बघा, सेन्सर जरासुद्धा हलता कामा नये. केबल हवेत लोंबकळत ठेवू नका, वाऱ्याने फडफडते आणि ती फडफड आलेखात येते.

पुरणं का महत्त्वाचं ते सांगतो. जमिनीचा प्रवेग ०.२ जीच्या (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) खाली असेल तर सेन्सर घट्ट जमिनीवर नुसता लेव्हल करून ठेवला तरी चालतं असं धरतात, ०.२ ते १ जीमध्ये पुरा किंवा पक्का जोडा, १ जीच्या वर तर पुरणं किंवा घट्ट बोल्ट करणं याला पर्यायच नाही. आता ०.२ जी म्हणजे किती? ४० हर्ट्झला साधारण ८ मिमी प्रति सेकंद, बस. म्हणजे जवळच्या ब्लास्टला हा आकडा सहज गाठला जातो. आणि आधी कुणाला माहीत असतं किती येणार, म्हणून माझी सवय अशी की माती आहे तिथे नेहमी पुरायचं.

खडक किंवा काँक्रीट असेल तर सेन्सरच्या तळाचे खिळे काढून टाका आणि सेन्सर बोल्टने, इपॉक्सीने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. अगदीच काही नसेल तर वाळूची पिशवी, पण तीही नीट, साडेचार किलोच्या आसपास वाळू आणि पिशवी सैल भरलेली, म्हणजे ती सेन्सरवर पसरून चारही बाजूंनी जमिनीला टेकते. गच्च भरलेली टणक पिशवी सेन्सरवर डुगडुगते, ती ठेवण्यापेक्षा न ठेवलेली बरी. सुट्या फरशीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर सेन्सर कधीच नको, फरशी स्वतःच उडते आणि तुम्ही जमीन सोडून फरशी मोजत बसता.

मायक्रोफोन काठीवर, वर फोमची टोपी घालूनच, ब्लास्टच्या दिशेला. उंची कितीही चालते, मी साधारण मीटरभर ठेवतो. जवळ भिंत, गाडी, टाकी असा आडोसा नको. टाळता येत नसेल तर हिशोब सोपा आहे, आडोसा मायक्रोफोनपेक्षा जेवढा उंच आहे त्यापेक्षा जास्त अंतर मध्ये सोडा. आणि वाऱ्याकडे लक्ष ठेवा, ९ मीटर प्रति सेकंदाच्या झुळकीचा नुसता दाबच जवळपास ४८ पास्कल भरतो, म्हणजे १२८ डीबीच्या आसपास. फोम नसेल तर ब्लास्ट न होताच मशीन ट्रिगर होणार, म्हणजे आपोआप रेकॉर्डिंग सुरू करणार.

सेटिंग

ट्रिगर जमिनीसाठी १.३ मिमी प्रति सेकंदापासून सुरू करा, लांबच्या घराला तो खाली आणा, ०.५ पर्यंत. सॅम्पल रेट, म्हणजे मशीन किती वेळा आकडा टिपतं तो, सेकंदाला निदान १०००. रेकॉर्डिंगचा वेळ काढायचा असा: ब्लास्ट जितका वेळ चालतो तो अधिक २ सेकंद अधिक दर ३३५ मीटरला १ सेकंद. समजा ब्लास्ट १ सेकंदाचा आणि घर ७०० मीटरवर, तर ५ सेकंदांपेक्षा थोडं जास्त होतं, ६ ठेवा. हा शेवटचा भाग लोक विसरतात आणि मग रेकॉर्डिंग हवेचा झटका पोचायच्या आधीच बंद होतं, कारण आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपासच जातो.

मशीन ट्रिगर झालं नाही तर काय? बरेच जण लिहून टाकतात "रीडिंग आलं नाही म्हणजे लिमिटच्या आत". असं चालत नाही. बॅटरी मेली होती, केबल निघाली होती, कुणी चालूच केलं नव्हतं, यातलं काहीही असू शकतं. म्हणून हिस्टोग्रामसोबत वेव्हफॉर्मवाला मोड लावा, त्यात मशीन सतत जागं असल्याची नोंद राहते आणि ब्लास्टच्या मिनिटाला सगळ्यात जास्त किती होतं ते दिसतं. ब्लास्टच्या आधी सेन्सर चेक (मशीन स्वतःच सेन्सर तपासतं ती चाचणी) करा, नंतरही करा, दोन्ही साठवा. कॅलिब्रेशन वर्षातून एकदा, त्याचा कागद मशीनच्या पेटीतच ठेवा. आणि मशीनचं घड्याळ ब्लास्टरच्या घड्याळाशी जुळवा, जीपीएसवाला टाइम असेल तर फारच छान. ११:४२ चा ब्लास्ट आणि ११:५५ चं रेकॉर्ड हे कुणीही मान्य करणार नाही आणि करूही नये.

ब्लास्टची माहितीही त्याच दिवशी लिहून घ्या. किती होल, किती व्यासाचे, किती खोल, बर्डन (होलपासून मोकळ्या कडेपर्यंतचं अंतर), स्पेसिंग (दोन होलमधलं अंतर), प्रत्येक होलमध्ये किती चार्ज म्हणजे स्फोटक, डिले (होल उडण्यातलं वेळेचं अंतर) किती, स्टेमिंग (होलच्या तोंडाशी ठासलेला भराव) किती आणि कशाचं, वारा कुठून, आकाश कसं, मशीनपर्यंतचं अंतर जीपीएसने. यातला कळीचा आकडा एका डिलेला जास्तीत जास्त चार्ज. ८ मिलिसेकंदांच्या आत जेवढे होल उडतात ते सगळे एकाच डिलेचे धरायची रीत आहे, तेव्हा तो हिशोब कागदावर करा, ब्लास्टरला तोंडी विचारून सोडून देऊ नका.

आलेख वाचताना

आकडा बघायच्या आधी चित्र बघा. चांगलं रेकॉर्ड शून्यापासून सुरू होतं, वाढतं, हळूहळू परत शून्यावर येऊन थांबतं, आणि तिन्ही चॅनेल जवळपास एकाच वेळी जागे होतात. एकाच चॅनेलला एकच टोकदार काटा आणि बाकी दोन शांत, तर कुणीतरी सेन्सरला पाय लावलाय किंवा केबल ओढली गेलीय. ब्लास्ट संपल्यावरही एकाच सुरात लांबलचक घंटेसारखं वाजत राहिलं तर सेन्सर सैल आहे. आलेखाचा माथा कापल्यासारखा सपाट असेल तर रेंज कमी पडली, तो आकडा खरा नाही, खरा त्याच्यापेक्षा मोठा आहे.

मग फ्रिक्वेन्सी. पीक असलेल्या त्या अर्ध्या लाटेला किती वेळ लागला ते बघा, २५ मिलिसेकंद लागले तर पूर्ण लाट ५० ची, म्हणजे २० हर्ट्झ. याच्याशिवाय पीपीव्ही अर्धवट आहे. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सचा १९८० चा आरआय ८५०७ हा अहवाल याचा पाया आहे, त्यांनी घरं मोजून दाखवलं की अख्खं घर साधारण ४ ते १२ हर्ट्झला डोलतं, म्हणून त्या पट्ट्यातला हादरा सगळ्यात वाईट. त्यांची मर्यादा कमी फ्रिक्वेन्सीला प्लास्टरच्या घरासाठी १२.७ आणि ड्रायवॉलसाठी (जिप्सम बोर्डाच्या भिंती) १९ मिमी प्रति सेकंद, ४० हर्ट्झच्या वर ५०.८. जर्मनीचं डीआयएन ४१५०-३ बरंच कडक, राहत्या घराच्या पायाला १० हर्ट्झच्या खाली ५, आणि जपायच्या जुन्या वास्तूंना ३. भारतात खाण सुरक्षा महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीएमएसचं १९९७ चं परिपत्रक आहे, खाणमालकाच्या नसलेल्या घरांना ८ हर्ट्झच्या खाली ५, ८ ते २५ मध्ये १०, २५ च्या वर १५, आणि ऐतिहासिक किंवा नाजूक वास्तूंना २, ५ आणि १०. आता बघा, ९ मिमी प्रति सेकंद ३० हर्ट्झला आलं तर या तक्त्यात ते आत बसतं आणि तेच ९ जर ७ हर्ट्झला आलं तर मर्यादा मोडली. नुसतं "नऊ आलं" म्हणून काहीच कळत नाही.

हवेसाठी ब्युरोच्याच आरआय ८४८५ मधला आकडा जास्त वापरला जातो, २ हर्ट्झपासून मोजणाऱ्या मायक्रोफोनला १३३ डीबी. डेसिबलची शिडी चढत जाते हे विसरू नका, ६ डीबी वाढले की दाब दुप्पट. १२८ म्हणजे ५० पास्कल, १३४ म्हणजे १००, १४० म्हणजे २००. १२८ वरून १३४ झालं तर "सहाच वाढले" असं म्हणू नये.

एका घरातला प्रसंग सांगतो. खाणीपासून ६०० मीटर, तिथल्या आजी दर ब्लास्टला म्हणायच्या जमीन उचलली जाते, आणि खाणीच्या कागदावर जमिनीचा आकडा १.१ मिमी प्रति सेकंद. मी मशीन लावून ब्लास्टच्या वेळी त्यांच्याच खोलीत बसलो. आधी पायाखाली बारीक थरथर, जेमतेम कळेल अशी, मग शांतता, आणि दीड-पावणेदोन सेकंदांनी कपाटाच्या काचा खडखडल्या, दार चौकटीत धडधडलं. आलेखातही तेच होतं, जमीन शांत झाल्यावर मायक्रोफोनवर उभा काटा, १२६ डीबी. म्हणजे ४० पास्कल, एक चौरस मीटर खिडकीवर चार किलो वजन टेकवल्याएवढा जोर, अचानक. आजींना जे जाणवत होतं ते शंभर टक्के खरं होतं, फक्त ते जमिनीतून नाही तर हवेतून येत होतं. आणि खाणवाल्यांनी तोपर्यंत हवेचा आकडा कुणाला दाखवलाच नव्हता. मी आजींना दोन्ही काटे बोटाने दाखवले, वेळेचं अंतर दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा त्या शांतपणे म्हणाल्या की आता कळलं. खाणीत जाऊन बघितलं तर स्टेमिंग अपुरं आणि तेही ड्रिलच्या भुकटीचं, होलच्या तोंडातून गॅस सरळ वर उडत होता. स्टेमिंगला टोकदार बारीक खडी घेतली, लांबी होलच्या व्यासाच्या २५ पटीपर्यंत नेली, पुढच्या रांगेचा बर्डन जिथे पातळ होता तिथला चार्ज कमी केला, आणि त्यानंतरच्या ब्लास्टला खोलीत बसून फरक सरळ जाणवला.

हवेच्या बाबतीत हवामानही बघा. पहाटे आणि सकाळी लवकर जमिनीजवळची हवा थंड आणि वरची गरम असते, तेव्हा वर जाणारा आवाज वाकून खाली येतो आणि लांबच्या एखाद्या वस्तीवर जाऊन आदळतो. जमीन तापून ही घडी मोडली की मगच ब्लास्ट घ्या. खाली उतरलेले ढग असतील किंवा वारा वस्तीच्या दिशेने असेल तरी थांबलेलं बरं. उघडी डेटोनेटिंग कॉर्ड (स्फोटक भरलेली दोरी) जमिनीवर पसरली असेल तर तिचा आवाज थेट हवेत जातो, तिच्याऐवजी शॉक ट्यूब (होल पेटवणारी बारीक नळी) वापरा किंवा निदान कॉर्ड मातीने झाका.

आकड्यांतून अंदाज काढणं

वीस-तीस चांगली रेकॉर्ड जमली की मगच हे करा. प्रत्येक रेकॉर्डसाठी स्केल्ड डिस्टन्स काढा, अंतर मीटरमध्ये भागिले एका डिलेच्या चार्जचं वर्गमूळ. हवेसाठी वर्गमूळाऐवजी घनमूळ. मग लॉग-लॉग कागदावर स्केल्ड डिस्टन्ससमोर पीपीव्ही मांडा, ठिपके तिरक्या रेषेभोवती बसतात. आलेल्या रेषेवर नियोजन करू नका, ती मधली रेषा आहे, अर्धे ब्लास्ट तिच्या वरच जाणार. ९५ टक्केवाली वरची रेषा काढा आणि तिच्यावर चार्ज ठरवा.

एक उदाहरण करून बघू. ४० किलो चार्ज, ३०० मीटर अंतर, स्केल्ड डिस्टन्स ४७ च्या आसपास. रेषेचं सूत्र असं, पीपीव्ही म्हणजे के हा आकडा भागिले स्केल्ड डिस्टन्सचा घात; पुस्तकातला सर्वसाधारण के ११४० आणि घात १.६ घेतला तर पीपीव्ही २.४ येतं. चार्ज अर्धा केला, २० किलो, तर आकडा अर्धा होत नाही, १.४ वरच येतो. आणि अंतर निम्मं झालं तर हादरा तिप्पट. म्हणून खाणीचा फेस, म्हणजे खडक फोडणं चालू आहे ती कड, वस्तीकडे सरकत असेल तर कालच्या चार्जवर आज विसंबून चालत नाही. आणि हो, पुस्तकातला के फक्त सुरुवातीला, प्रत्येक खाणीचा खडक, भेगा, पाणी वेगळं, तुमचा के तुमच्याच रेकॉर्डमधून काढायचा.

तड्यांबद्दल एवढंच की पहिला ब्लास्ट व्हायच्या आधी घराघरात जाऊन फोटो काढा, तडा असेल तर त्याची लांबी-रुंदी पट्टी ठेवून फोटोत घ्या, तारीख टाका, घरमालकाची सही घ्या आणि एक प्रत त्याच्याकडेच ठेवा. माणसाला १ मिमी प्रति सेकंदाच्या आतबाहेरचा हादराही कळतो, आणि कळला की तो भिंत बघायला लागतो, तेव्हा आधीचा तडाही त्याला नवाच वाटतो. उन्हा-पावसाने, मातीच्या फुगण्या-बसण्यानेही भिंती तडकतात हे खरं आहे, पण ते त्याला ऐकवायचा हक्क तुम्हाला तेव्हाच आहे जेव्हा आधीचे फोटो आणि नीट बसवलेल्या मशीनचं रेकॉर्ड तुमच्या हातात आहे.

ब्लास्टनंतर सेन्सर लगेच उपटू नका. आधी माती हळूच बाजूला करून बुडबुडा बघा, तो अजून मध्यावर आहे का, बाण ब्लास्टकडेच आहे का, तसाच जागेवर फोटो घ्या, दुसरा सेन्सर चेक करा आणि मग काढा. फाइल उतरवताना मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, नुसता छापलेला कागद ठेवून मूळ पुसू नका, आणि घरमालक तिथे उभा असेल तर त्याला स्क्रीन तिथल्या तिथे दाखवा, आकडा कमी आला असो की जास्त.